हजार मैल आणि एक बिघाडवही

आदली संध्याकाळ, ब्रेशा

सरांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली आणि आम्ही तिघंही आपोआप सरसावून बसलो. जाड पुठ्ठ्याची, कडांना ऑइलचे डाग पडलेली ही वही गेली बारा वर्षं आमच्याबरोबर फिरते आहे. पहिल्या पानावर सरांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द आहे, 'बिघाडवही'. नियम साधे. गाडी बंद पडली की जागा, वेळ आणि कारण लिहायचं. मग सर दहापैकी मार्क देणार. मार्क बिघाडाचे नाहीत, दुरुस्तीचे. गाडी दोर बांधून ओढत न्यावी लागली तर सरळ भोपळा.

सर म्हणजे डॉक्टरचे आणि माझे शाळेतले भौतिकशास्त्राचे शिक्षक. वय ७८, कान अजून असा की चालत्या इंजिनात कोणता सिलिंडर मिसिंग करतोय ते डोळे मिटून सांगतात. डॉक्टर माझा वर्गमित्र. त्याच्याकडे १९५७ सालची हिरवी, उघडी, दोन आसनांची इंग्रजी गाडी आहे. ताई ही त्याची थोरली बहीण आणि आम्हा सगळ्यांचीच ताई. तिची निळी इटालियन सलून, म्हणजे बंद टपाची गाडी, १९५५ ची. दोघं बहीणभाऊ जुन्या गाड्यांच्या हौशी शर्यतींत उतरतात आणि एकमेकांना हरवण्यापेक्षा एकमेकांच्या गाड्या बंद पडण्याची वाट अधिक बघतात. मी डॉक्टरच्या डाव्या हाताला बसतो, नकाशा वाचतो आणि पाने-पक्कड पुरवतो.

या वेळचा बेत मोठा होता. मिल्ले मिल्या, म्हणजे हजार मैल, या शर्यतीचा १९५५ सालचा मार्ग. ब्रेशाहून निघून एड्रियाटिक समुद्राच्या कडेने खाली पेस्कारापर्यंत, डोंगर ओलांडून रोम, तिथून सिएना, फ्लोरेन्स, बोलोन्या करत परत ब्रेशा. जवळजवळ १,६०० किलोमीटर. १९२७ ते १९५७ या काळात ही शर्यत २४ वेळा झाली, तीही लोकांच्या रोजच्या रस्त्यांवरून. आता त्याच नावाने दरवर्षी जुन्या गाड्यांची वेळेच्या नेमकेपणाची फेरी निघते, पण आम्ही तिच्यात नव्हतो. आम्हाला आमच्या गतीने जायचं होतं.

दुपारी सांत'एउफेमियाच्या जुन्या मठातलं संग्रहालय पाहिलं. १९२७ च्या पहिल्या शर्यतीत ७७ गाड्या निघाल्या आणि पहिली गाडी २१ तास ४ मिनिटं ४८ सेकंदांनी परत आली. ती ब्रेशातच बनलेली, ओएम कंपनीची होती. ताई त्या आकड्यासमोर बराच वेळ उभी राहिली. मग भावाकडे वळून म्हणाली, "एकवीस तास. तुझ्या गाडीला एकवीस तासांत सुरू तरी होता येईल का रे?"

"माझी गाडी सुरू होते," डॉक्टर शांतपणे म्हणाला. "तुझी थांबत नाही, हा खरा प्रश्न आहे. ब्रेक बघून घे."

सरांनी वहीत तारीख घातली.

पहिला दिवस, ब्रेशा ते रावेन्ना

१९५५ ची शर्यत जिंकणाऱ्या ब्रिटिश चालक स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीजवर ७२२ हा आकडा होता, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. आम्हीही बरोबर ७:२२ लाच निघायचं, असा डॉक्टरचा हट्ट. त्यामुळे व्हियाले व्हेनेझियावर, जिथून शर्यत सुटायची त्या झाडांच्या रस्त्यावर, आम्ही सव्वासातलाच गाड्या लावून उभे. ७:२२ ला डॉक्टरने चावी फिरवली. एरवी चावी फिरली की मागून पेट्रोलच्या इलेक्ट्रिक पंपाची टिकटिक ऐकू येते, कार्ब्युरेटर भरले की ती मंदावते, मग सेल्फ मारायचा. आज टिकटिकच नाही.

सर मागच्या गाडीतून ओरडले, "आवाज नाही येत!"

या पंपांच्या आत छोटे पॉइंट, म्हणजे वीज जोडणारी-तोडणारी टोकं, असतात. ते काळे पडले किंवा चिकटले की पंप मुका होतो. त्यावरचा उपाय जगभरच्या जुन्या इंग्रजी गाडीवाल्यांना ठाऊक आहे: पंपाला हलकासा ठोका. डॉक्टरने बूट काढला, आसनामागे वाकला आणि टाचेने दोन ठोके दिले. टिक, टिक, टिक. ७:३१ ला गाडी निघाली.

ताई खिडकीतून मान काढून वाट बघत होती. "शून्य किलोमीटर! १९५७ ला मॉसची गाडी बंद पडली, पण निदान बारा किलोमीटर तरी गेली होती."

हे तिने उगाच फेकलेलं वाक्य नाही. १९५७ साली मॉस आणि त्याला रस्ता सांगणारा सोबती जेन्किन्सन माझेराती ४५० एस घेऊन सुटले. त्या वर्षीच्या सर्वांत ताकदवान गाड्यांपैकी ही एक. साधारण १२ किलोमीटर झाले असतील, मॉसने वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडलच मोडून पडलं. गाडी कशीबशी थांबवली, उलटी फिरवली, परत ब्रेशा. वर्षभराची तयारी काही मिनिटांत संपली. मला ही गोष्ट फार लागते. ताई ती विनोदासाठी वापरते आणि तरी सांगताना तिचा आवाज शेवटी खाली येतोच.

व्हेरोना, व्हिचेन्झा मागे पडले. पादोव्हात शिरताना मी गुंडाळी उघडली. जेन्किन्सनने १९५५ साली रस्त्याच्या सगळ्या खुणा सुमारे १८ फूट लांब कागदावर लिहून तो कागद अॅल्युमिनियमच्या पेटीत गुंडाळला होता. वरच्या काचेतून वाचायचं, खुंटी फिरवून पुढे सरकवायचं आणि वाऱ्याच्या आवाजात बोलणं ऐकू येणार नाही म्हणून हातांच्या खुणांनी मॉसला सांगायचं. मी तशीच पेटी लाकडाची केली आहे. तिच्यात 'पादोव्हा' या शब्दापुढे मी 'गवताच्या गासड्या' असं लिहून ठेवलं होतं. १९५५ साली इथे मागून प्रतिस्पर्धी कास्तेलोत्तीची फेरारी चढून आलेली, मॉसने रस्त्याच्या टोकाच्या वळणाला ब्रेक उशिरा लावला आणि गाडीचं नाक गासड्यांना घासलं. तेवढ्यात कास्तेलोत्ती पुढे निघून गेला. तो पुढे टायर झिजवत गेला, त्याचं इंजिनही टिकलं नाही. मॉस मात्र १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत ब्रेशाला परत आला, सरासरी ताशी १५७ किलोमीटरहून जास्त. हा विक्रम कुणाला मोडता आला नाही, आणि आता कुणी मोडणारही नाही.

रावेन्नाला संध्याकाळी पोचलो. सरांनी सकाळच्या नोंदीला ६ मार्क दिले. "ठोका देणं ही दुरुस्ती नाही, ती समजूत घालणं आहे," म्हणाले. डॉक्टरने वाद घातला. गाडी ३०० किलोमीटर चालली, मग दुरुस्ती नाही तर काय? सरांनी मार्क बदलले नाहीत. शाळेतही बदलत नसत.

दुसरा दिवस, रावेन्ना ते पेस्कारा

कोरं पान. दिवसभर समुद्र डाव्या हाताला, रिमिनी, पेसारो, अँकोना, आणि काहीही मोडलं नाही.

बोलायला काही नव्हतं म्हणून जुने हिशेब निघाले. ताईच्या हातात एकदा शर्यतीच्या मधोमध गिअरचा दांडाच निघून आला होता. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली. तिने दांडा शेजारच्या आसनावर ठेवला आणि उरलेल्या चार फेऱ्या तिसऱ्यातच काढल्या. डॉक्टर म्हणाला, "त्यात नवल काय? तू एरवीही तिसऱ्याच्या वर जात नाहीस." त्यावर ताईने त्याची चोकची गोष्ट काढली. एका शर्यतीत सुरुवातीच्या रांगेत उभं असताना डॉक्टर चोक, म्हणजे थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा खटका, आत ढकलायला विसरला. पहिल्या फेरीत मागून काळा धूर, दुसऱ्या फेरीत सगळे प्लग काजळलेले. गाडी फटफट करत कडेला. मदतीला धावत आलेल्या माणसाने आत हात घालून चोक दाबला आणि एक शब्द न बोलता निघून गेला.

"तो काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं," डॉक्टर म्हणाला. मला वाटतं, हे अगदी मनापासून होतं.

तिसरा दिवस, पेस्कारा ते रोम

हा दिवस मी कधी विसरणार नाही.

पेस्कारा सोडलं की रस्ता समुद्राकडे पाठ फिरवून डोंगरांत शिरतो. पोपोली गावाच्या वर एकापाठोपाठ एक उलट्या वळणांचा घाट आहे. इथे चढाच्या शर्यती होत आल्या आहेत. ऊन रणरणत होतं. अर्ध्या घाटात ताईची सलून आचके द्यायला लागली, दोनदा उसळली आणि मेली. सेल्फ फिरतोय, इंजिन धरत नाही.

डॉक्टरने आमची गाडी तिच्या मागेच थांबवली आणि हात मागे बांधून, दवाखान्यात राउंडला निघाल्यासारखा चालत गेला. "काय होतंय? कधीपासून?"

"बाजूला हो," ताई म्हणाली. बॉनेट तिने आधीच उघडलं होतं.

तिच्या गाडीचा पंप इंजिनला चिकटलेला, इंजिननेच हलवला जाणारा. चढावर वेग कमी, म्हणून वारा कमी, बॉनेटखाली भट्टी पेटलेली. आजचं पेट्रोल लवकर उकळतं. पंपात आणि नळीत वाफ धरली की पंप ती वाफच दाबत बसतो. द्रव दाबला जात नाही म्हणून पुढे ढकलला जातो, वाफ मात्र दाबली की नुसती आक्रसते. ही सरांची ओळ. त्यांनी ती रस्त्याच्या कडेला उभं राहून अशी सांगितली की मला आमचा वर्ग, काळा फळा आणि खडूचा वास आठवला.

"आमचा पंप मागे आहे," डॉक्टर म्हणाला. "गार जागेत. आम्ही विचार करून बसवलाय."

"तुमचा पंप बुटाने चालतो," ताई म्हणाली.

पण पाण्याची बाटली आणि टॉवेल आणून दिला तो त्यानेच. टॉवेल ओला करून पंपावर आणि नळीवर गुंडाळला. वीस मिनिटं थांबायचं, याला दुसरा इलाज नाही. त्या वीस मिनिटांत खालून सायकलवाले वर आले, एकेकाने मान हलवून सहानुभूती दाखवली आणि पुढे गेले. मग सलून पहिल्या सेल्फला उठली. सरांचे मार्क ८. दोन कापले, कारण पंप आणि इंजिन यांच्यामध्ये उष्णता अडवणारा पत्रा घालायचा सल्ला त्यांनी गेल्या वर्षीच दिला होता आणि ताईने तो मानला नव्हता.

लाक्विला मागे पडलं आणि आंट्रोडोकोच्या घळीत शिरलो. दोन्ही बाजूंना कडे, खाली झाडी. १९५६ साली याच भागात पावसात मॉस आणि जेन्किन्सनची माझेराती रस्ता सोडून उतारावर गेली. एका झाडाने गाडी अडवली म्हणून दोघं वाचले. मी हे डॉक्टरला ओरडून सांगत होतो, तेवढ्यात आमचं इंजिन खोकलं. थोडा वेळ ठीक, परत खोकला. गरम होईल तसं वाढत गेलं. गावाच्या अलीकडे रुंद जागा मिळाली तिथे थांबलो.

आता ताईची पाळी होती. तिने हात मागे बांधले नाहीत. ती सरळ येऊन म्हणाली, "डेल्को उघड." डेल्को म्हणजे प्लगांना वीज वाटणारा डबा. झाकण काढलं, सेल्फ फिरवला तर पॉइंटमध्ये पिवळट ठिणग्या उडत होत्या आणि टोकं जळून काळी झालेली. कंडेन्सर गेला होता. कंडेन्सर हा करंगळीएवढा डबा. पॉइंट उघडताना तिथे उसळणारी वीज तो सामावून घेतो, म्हणून ठिणगी पॉइंटमध्ये न पडता प्लगमध्ये पडते. तो दमला की थंड असताना चालतो, गरम झाला की हात वर करतो. म्हणूनच त्याला पकडणं अवघड. लोक कार्ब्युरेटर खोलत बसतात.

डॉक्टरने पेटी उपसली. पॉइंटचे दोन जोड होते, कंडेन्सर नव्हता. तो माझ्याकडे बघायला लागला, मी पेटीकडे. सामान मी भरलं होतं. यादीत कंडेन्सर होता, पेटीत नव्हता. चूक माझी होती आणि मी ती कबूल केली.

ताईने आपल्या पर्समधून रुमालात बांधलेली पुडी काढली. आत कंडेन्सर. त्याच्या गाडीचा, तिच्या नव्हे. सहा वर्षांपूर्वी एका शर्यतीत डॉक्टर पहिल्या नंबरवर असताना कंडेन्सरने दगा दिला आणि ताई जिंकली. तेव्हापासून ही पुडी तिच्या पर्समध्ये आहे, आणि आम्हा कुणालाही ठाऊक नव्हतं.

"मला तशा जिंकलेल्या शर्यती नको आहेत," ती म्हणाली. "घे. आणि स्क्रू पाडू नकोस."

त्याने स्क्रू पाडला. तो गवतात गेला. इवलासा, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा. सगळे गुडघ्यांवर. इतक्यात खालच्या घरातून एक आजोबा काठी टेकत वर आले. इटालियन आमच्यात एकट्या सरांना येतं, तेही पुस्तकी. आजोबांनी उघडं बॉनेट बघितलं, आम्हाला बघितलं आणि हसायला लागले. लहानपणी या वळणावर वडिलांच्या खांद्यावर बसून ते गाड्या बघत. आणि त्यांना आठवत होत्या त्या जिंकलेल्या गाड्या नाहीत, तर इथे थांबलेल्या. कुणाचं चाक निखळलं, कुणाला त्यांच्या आईने रेडिएटरसाठी बादलीभर पाणी दिलं, एकजण भिंतीवर बसून रडला आणि आईने त्यालाही पाणी दिलं. नावं ठाऊक नव्हती. सर एकेक वाक्य मराठीत सांगत होते आणि सांगता सांगता थांबत होते.

मला आमची वही आठवली. जिंकणाऱ्याचं नाव चषकावर कोरलेलं असतं. वळणावर थांबलेल्याला बघितलेलं असतं ते पाणी देणाऱ्याने, आणि ती गोष्ट कुणीतरी सांगत राहावी लागते. आम्ही बहीणभावांच्या भांडणात मार्क मोजत तेच करतो आहोत, असं मला तिथे गुडघ्यांवर बसलेलं असताना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं.

स्क्रू मला सापडला, लोहचुंबकाला दोरा बांधून गवतात फिरवल्यावर. चाळीस मिनिटांत गाडी गुरगुरायला लागली. आजोबांनी बॉनेटवर दोनदा थाप मारली आणि रोमच्या दिशेने हात केला. सरांनी ९ मार्क दिले. कापलेला एक स्क्रूचा. रात्री दहाला रोममध्ये शिरलो.

चौथा दिवस, रोम

विश्रांती. गाड्या तळघरात, आम्ही पायी. सरांनी १९५४ ची गोष्ट सांगितली: हान्स हेरमान आणि हर्बर्ट लिंगे पोर्श ५५० मधून येत होते, रेल्वेचं फाटक पडत होतं आणि गाडी समोर. ब्रेक लावायला वेळच नव्हता. हेरमानने लिंगेच्या हेल्मेटवर हात मारला, दोघांनी माना खाली घातल्या आणि ती बुटकी गाडी फाटकाखालून पलीकडे गेली. त्यांनी आपला गट जिंकला. डॉक्टर संध्याकाळपर्यंत गाडीची उंची टेपने मोजत होता.

पाचवा दिवस, रोम ते सिएना

व्हितेर्बोपर्यंत उत्तम. पुढे राडिकोफानीचा चढ लागला. इथे १९५५ साली मॉसच्या मर्सिडीजचा एक ब्रेक अचानक आवळला गेला, गाडी फिरली आणि मागून खड्ड्यात गेली. पहिल्या गिअरात घालून, पुढेमागे करून त्यांनी ती बाहेर काढली. मी गुंडाळीवर तिथे लाल फुली केली होती.

ती फुली ओलांडून पाचएक किलोमीटर गेलो असू. उतारावर डॉक्टरने ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे खेचली गेली. पुढच्या वळणाला अधिक. त्याने काही न बोलता वेग कमी केला, गिअर उतरवत उतरवत गाडी सपाटीवर आणली आणि थांबला. ताईने मागून पाहिलंच होतं.

तिने आल्या आल्या काहीतरी लावून बोलायला तोंड उघडलं आणि सरांनी हात वर केला. "ब्रेकवर नाही."

पुढचं उजवं चाक काढलं. ड्रमच्या आत व्हील सिलिंडर झिरपत होता, ब्रेक ऑइल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या थरावर, पसरलेलं. उजवं चाक धरत नाही, डावं धरतं, म्हणून गाडी डावीकडे जाते. डॉक्टर म्हणाला, सिएनापर्यंत हळू जाता येईल. ताई म्हणाली, नाही. तो म्हणाला, ताशी तीसने. ती म्हणाली, पायी गेलास तरी चालेल, पण या गाडीत बसून नाही. पाच मिनिटं दोघं खरंखुरं भांडले, हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी ताईच्या बाजूचा होतो आणि ते डॉक्टरला तोंडावर सांगितलं. शर्यतीत ब्रेक गेला तर धोका बहुतेक आपल्याच जिवाला असतो. इथे पुढच्या वळणावर शाळेतून येणारं मूल असू शकतं.

मग त्याने पाना उचलला. सिलिंडरच्या सीलचा संच होता, शर्यतीसाठी ठेवलेला ब्रेक शूजचा जादा जोडही होता. ऑइल प्यायलेलं लायनर धुऊन वापरू नये, ते बदलायचंच, आणि दोन्ही बाजूंचं. सिलिंडर खोलला, आतून पुसून नवे सील चढवले, ड्रम साफ केला. मग ताई पेडलवर आणि डॉक्टर चाकाशी. "दाब." "धरलंय." "सोड." हवेचे बुडबुडे संपेपर्यंत हाच जप. साडेतीन तास गेले. रिकाम्या रस्त्यावर सहा वेळा ब्रेक मारून बघितला. गाडी सरळ थांबली. फ्लोरेन्सचा बेत सोडून सिएनाला मुक्काम केला.

वहीत सरांनी सगळं लिहिलं आणि मार्कांची जागा मोकळी ठेवली.

सहावा दिवस, सिएना ते रेज्जो एमिलिया

फ्लोरेन्सच्या उत्तरेला फुता आणि रातिकोसा या खिंडी आहेत. फुता ९०३ मीटर, रातिकोसा त्याहून उंच. ब्रेक कालच झाला म्हणून आम्ही निर्धास्त, आणि खरोखर ब्रेकने पूर्ण साथ दिली.

शर्यतीतल्या सगळ्या बिघाडांपैकी डॉक्टरला सर्वांत आवडणारा या बाजूचा. १९५३ साली फान्जिओच्या आल्फा रोमिओचं स्टिअरिंग असं मोडलं की पुढच्या दोन चाकांपैकी एकच वळत होतं. त्याने गाडी तशीच आणली आणि दुसरा आला. डॉक्टर म्हणतो, एवढ्यावर तो जगातला सर्वांत मोठा चालक ठरतो, पाच जगज्जेतेपदं न धरताही. ताईला हे पटत नाही. तिचा जीव नुवोलारीवर. खिंडीपासून बोलोन्यापर्यंत दोघं थांबेल तिथे हाच वाद घालत होते.

ताईची बाजू अशी. १९४७ साली तात्सियो नुवोलारी ५४ वर्षांचा, प्रकृती ढासळलेली, ११०० सीसीची चिमुकली उघडी चिसितालिया. तरी तो आघाडीवर होता. मग धो धो पाऊस. वीज बनवणाऱ्या भागांत पाणी गेलं, वेळ गेला आणि बियोन्देत्तीची बंद टपाची, मोठ्या इंजिनाची आल्फा पुढे निघाली. नुवोलारी दुसरा. पुढच्या वर्षी फेरारी घेऊन परत आला. या वेळी गाडीच हळूहळू त्याला सोडून जायला लागली. मडगार्ड गेलं, बॉनेट उडालं आणि तो आघाडीवरच. शेवटी स्प्रिंगच्या पाट्याची पिन तुटली आणि रेज्जो एमिलियाजवळ तो थांबला. पुन्हा बियोन्देत्ती जिंकला.

संध्याकाळी रेज्जोला पोचल्यावर ताईने गाडी कडेला घेतली, खाली उतरली आणि काही वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली. "मडगार्ड नाही, बॉनेट नाही," ती म्हणाली, "आणि हा कंडेन्सर विसरतो."

"कंडेन्सर तो विसरला," डॉक्टरने माझ्याकडे बोट दाखवलं. हे खरंच होतं.

सातवा दिवस, रेज्जो एमिलिया ते ब्रेशा

पार्मा. १९५७ साली आघाडीवर असलेल्या पीटर कॉलिन्सच्या फेरारीने या टापूत मागच्या ॲक्सलपाशी दगा दिला आणि ५० वर्षांचा पिएरो तारुफ्फी जिंकला. त्याच्याही गाडीची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी यंत्रणा कुरकुरत होती. जिंकल्यावर त्याने शर्यती सोडल्या.

क्रेमोना, मग मांतोव्हा, नुवोलारीचं गाव. १९५३ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षीपासून शर्यत मुद्दाम या गावावरून वळवली गेली.

मांतोव्हानंतर रस्ता सरळ, सपाट, दोन्ही बाजूंना शेतं. गुइदिझोलोच्या अलीकडे आम्ही थांबलो. १२ मे १९५७ ला इथे अल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला. पोर्तागो, त्याचा सोबती एडमंड नेल्सन आणि रस्त्याच्या कडेला उभी असलेली नऊ माणसं गेली. त्यांत पाच मुलं होती. मिल्ले मिल्या वेगाची शर्यत म्हणून त्या दिवशी संपली. रस्त्याकडेला स्मारक आहे. मुलांची नावं सरांनी हळू आवाजात वाचली.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग डॉक्टर ताईच्या गाडीपाशी गेला आणि वाकून चारही टायर हाताने चाचपून बघायला लागला, आतली बाजूसुद्धा. तिने आमच्या गाडीचे बघितले. तिच्या मागच्या डाव्या चाकात हवा चार पौंड कमी निघाली. त्याने पायपंप काढला, हवा भरली, परत मोजली. सरांनी वहीत लिहिलं: "गुइदिझोलो. टायर तपासले." पाचव्या दिवसाच्या पानावर जाऊन त्यांनी मोकळ्या जागेत १० घातले. बारा वर्षांतले पहिले.

ब्रेशाला पोचायला सहा वाजले. व्हियाले व्हेनेझियावर शेजारी शेजारी गाड्या लावून फोटो काढला. १,६०० किलोमीटर, चार नोंदी, भोपळा एकही नाही. परतीचा ट्रेलर येऊन उभा होता. ताईची सलून चढली. डॉक्टर आमच्या गाडीत बसला, चावी फिरवली. मी कान दिला. सरांनीही दिला.

टिकटिक नाही.

डॉक्टरने मान वर केली तेव्हा ताई समोरच उभी होती, एका पायावर, आणि दुसऱ्या पायातला बूट काढून तिने आधीच हातात धरला होता.